पोळा ते महाशिवरात्र: आत्याचे १७८ दिवस

आत्याच्या हाताला गाठ लागली ती पोळ्याच्या सकाळी. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं गाव, गोठ्यात बैलांची एकच जोडी उरलेली. पुरण घालायचं म्हणून ती पहाटेच न्हाणीत गेली. साबणाचा हात फिरताना डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली, मोठ्या बोराएवढं काहीतरी लागलं. दाबून पाहिलं तर दुखत नव्हतं. तिनं अंगावर पाणी घेतलं आणि स्वयंपाकाला लागली. तारीख २ सप्टेंबर २०२४.

ती गाठ स्तनाच्या कॅन्सरची निघाली. कीमोची पहिली बाटली लागली २७ फेब्रुवारी २०२५ ला, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी. मधे १७८ दिवस गेले.

हे दिवस मी नंतर मोजले, तिच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर. सिलिंडर कधी लावलं, गाय कधी फळली, वेचाईला किती बाया आल्या, सगळं ती तिथंच खरडून ठेवते, त्यामुळे दवाखान्याच्या तारखाही सापडल्या. मोजायचं कारण असं की घरात रोज एकच वाद चालायचा. माझा आतेभाऊ म्हणायचा, नागपूरच्या दवाखान्यानं फार दिवस लावले. तिथले डॉक्टर म्हणायचे, तुम्हीच उशिरा आणलं. आणि आत्या म्हणायची, "जे व्हाचं ते होते, काऊन भांडता?"

तर तो हिशोब असा. पोळ्यापासून भाऊबीजेपर्यंत, म्हणजे ३ नोव्हेंबरपर्यंत, ६२ दिवस तिनं कुणालाच सांगितलं नाही. भाऊबीजेला माहेरी आली तेव्हा माझ्या आईच्या कानावर घातलं. तिथून पहिला डॉक्टर दिसायला ६ दिवस. त्या डॉक्टरनं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, मग आणखी पाच दिवसांच्या. मग कुणी एरंडाचं पान बांधायला सांगितलं, मग कापसाची वेचाई आली. सोनोग्राफी झाली संक्रांतीनंतर, १६ जानेवारीला. हे ६८ दिवस. सोनोग्राफी ते सुईनं तुकडा घेणं, ७ दिवस. तुकड्याचे सगळे रिपोर्ट हातात यायला १९ दिवस. आणि रिपोर्ट ते पहिली कीमो, १६ दिवस. शेवटचे तीन आकडे जोडा: ४२. उरलेले १३६ दिवस मोठ्या दवाखान्याचं दार दिसायच्या आधीच गेले होते.

वाद मिटला नाही, पण आवाज कमी झाला.

आता मूळ प्रश्न. स्तनाच्या कॅन्सरमध्ये थांबल्यानं नेमकं काय बिघडतं, आणि किती?

गाठ वाढते ती एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ, अशी. हाताला लागण्याजोगी एक सेंटिमीटरची गाठ म्हणजे साधारण १०० कोटी पेशी, आणि तिथवर यायला एका पेशीला जवळपास ३० वेळा दुप्पट व्हावं लागतं. म्हणजे गाठ सापडते तेव्हा ती बहुतेकदा काही वर्षं जुनी असते. इथे शहाणा माणूस विचारतो, मग वर्षानुवर्षं आतच होती तर दोन महिन्यांनी काय मोठा फरक पडणार? प्रश्न रास्त आहे. उत्तर त्या दुपटीतच आहे. गाठीची रुंदी दुप्पट व्हायला पेशी आठपट व्हाव्या लागतात, म्हणजे फक्त तीन दुपटी. पहिल्या तीस दुपटींत हाताला काहीच कळत नाही आणि पुढच्या तीन दुपटींत हरभऱ्याचं बोर होतं, आणखी तीन-चारांत बोराचं लिंबू. एक दुप्पट व्हायला कुणाला दोन महिने लागतात, कुणाला वर्षही लागतं. आपली गाठ कोणत्या जातीची हे बाहेरून दाबून कुणालाही सांगता येत नाही.

डॉक्टर गाठीच्या मापाला इतकं का चिकटतात तेही यातूनच कळतं. दोन सेंटिमीटरपर्यंत एक पायरी, दोन ते पाच दुसरी, पाचच्या वर तिसरी, आणि कातडी किंवा छातीच्या भिंतीत शिरली तर चौथी. सोबत काखेतल्या गाठी पाहतात, कारण रोग घर सोडून निघाला की बहुधा पहिला मुक्काम तिथं करतो. आत्याची सोनोग्राफी ३.८ सेंटिमीटर सांगत होती आणि काखेत दोन गाठी. पोळ्याला काखेत काही होतं का? तिला आठवत नाही. पाहिलंच नव्हतं.

पायरीनं किती फरक पडतो? भारतातल्या अकरा कॅन्सर नोंदणी केंद्रांच्या आकड्यांवरून २०२४ मध्ये एक अभ्यास आला. निदानानंतर पाच वर्षांनी हयात असलेल्या बायकांचं प्रमाण एकूण ६६ टक्के. रोग स्तनापुरता असताना सापडला तर ८१. काखेपर्यंत गेला असेल तर ६५ च्या आसपास. आणि हाडं, फुप्फुस, यकृत असा दूर पसरल्यावर सापडला तर १८. ८१ वरून ६५ ही उतरण आहे, ६५ वरून १८ हा कडा.

थांबण्यावर सरळ बोट ठेवणारे अभ्यासही आहेत. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ८७ अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, एक लाखाहून जास्त बायकांची. लक्षण दिसल्यापासून उपचारापर्यंत तीन महिने किंवा जास्त गेलेल्या बायकांमध्ये पाच वर्षांनी हयात असणाऱ्या १२ टक्क्यांनी कमी होत्या. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दुसरी मोठी मांडणी आली, सात प्रकारच्या कॅन्सरची, साडेबारा लाखांहून जास्त रुग्णांची. त्यात निदान झाल्यावर उपचार सुरू व्हायला लागणारा वेळ मोजला होता. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका सुमारे ८ टक्के वाढतो. आधी कीमो मग ऑपरेशन असं ठरलं असेल आणि ती कीमोच चार आठवडे लांबली, तर २८ टक्के.

हे ८ टक्के नीट वाचा, कारण व्हॉट्सअपवर ते हमखास उलटंपालटं होऊन फिरतं. शंभरातल्या आठ बायका जास्त मरतात असा त्याचा अर्थ नाही. मूळ धोक्याचा आठ टक्के भाग वाढतो. समजा शंभर बायकांचं ऑपरेशन वेळेवर झालं असतं तर त्यातल्या १२ दगावल्या असत्या. सगळ्यांचं ऑपरेशन बारा आठवडे लांबलं तर त्या १२ च्या जागी साधारण १५. शंभरात तीन बायका. एका घरासाठी हा आकडा धूसर वाटतो, डॉक्टरच्या खोलीतही दिसत नाही, आणि म्हणूनच उशीर कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. पण त्याच अभ्यासातला हिशोब सांगतो की असा बारा आठवड्यांचा उशीर वर्षभर सगळ्यांना झाला तर एकट्या ब्रिटनमध्ये १४०० मृत्यू जास्त होतील. आपल्याकडे तर २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा अंदाज आहे. म्हणजे तीन टक्केसुद्धा गावंच्या गावं भरतील एवढे.

आत्याच्या बाबतीत त्या १७८ दिवसांनी काय नेलं, हे मात्र कुणीही सांगू शकत नाही. आकडे शंभर बायकांचे असतात, एकीचे नसतात.

अधूनमधून असंही ऐकू येतं की अमकी सहा महिन्यांनी गेली आणि ठणठणीत आहे, तमकीला आठवड्यात ऑपरेशनला नेलं तरी गेली. म्हणजे घाईनंच बिघडतं. हे बोलणारे खोटं बोलत नसतात. काही दवाखान्यांच्या कच्च्या आकड्यांतही हेच दिसतं, जास्त थांबलेल्या जास्त जगल्या. कारण सोपं आहे. जिची गाठ फुटली, रक्त आलं, तिला सगळे रांगेत पुढे घेतात. तिचा रोग मुळात वाईट असतो. जिची गाठ शांत, ती मागे राहते आणि तरी तरते. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्या वावरात गुलाबी बोंडअळी जास्त तिथंच फवारणी आधी होते आणि तिथंच कापूस कमी निघतो. त्यावरून कुणी म्हणालं की लवकर फवारल्यानं उतारा घटतो, तर पारावर त्याला हसतील. म्हणून चांगल्या अभ्यासांत रोगाची पायरी, वय, प्रकार असा सारखा माल सारख्याशी ताडून मगच उशीर मोजतात. बायकांचे दोन गट करून एकीला मुद्दाम थांबवायचा प्रयोग तर कुणीच करू शकत नाही, करूही नये.

सगळं थांबणं सारखं घातक नसतं, हेही तितकंच खरं आहे. रिपोर्टमध्ये कॅन्सर आला की घरात त्याच रात्री गाडी ठरवायची गडबड उडते. शेत गहाण टाकून उद्याच्या उद्या ऑपरेशन करून टाका म्हणतात. एवढी धावपळ नको. निदानानंतरचे दोन-तीन आठवडे नीट तपासण्यांत गेले तर ते वाया गेलेले नसतात. सुईनं घेतलेल्या तुकड्यावर हार्मोनच्या दोन आणि हर-टू नावाची एक तपासणी होते, आणि पुढचा अख्खा रस्ता त्यावर ठरतो: आधी कीमो की आधी ऑपरेशन, हार्मोनची गोळी चालेल की नाही, हर-टूचं महागडं इंजेक्शन लागेल का. या तिन्ही तपासण्या नकारात्मक आल्या तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. आपल्याकडे दर दहा रुग्णांत साधारण तिघी या प्रकारच्या असतात. आत्या त्यातलीच. हा प्रकार तडक वाढणारा आणि उशीर न खपवून घेणारा. कॅलिफोर्नियातल्या सुमारे २५ हजार बायकांच्या अभ्यासात, ऑपरेशननंतरची कीमो ९० दिवसांच्या पुढे गेली तेव्हा मृत्यूचा धोका महिन्याच्या आत सुरू झालेल्यांपेक्षा ३४ टक्के जास्त होता, आणि ट्रिपल निगेटिव्हमध्ये ५३ टक्के.

सुईचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. "सुई टोचली की पसरते", "लोखंड लागलं की चिडते" हे आमच्याकडं इतकं मुरलंय की माझ्या सख्ख्या काकानं, बारावी सायन्स झालेल्या माणसानं, आत्याला गाडीतून उतरवायला पाहिलं. सुईनं रोग पसरत नाही. सुईनंतर माणूस मरतो असं दिसतं ते सुईपर्यंत यायलाच रोग पुढे गेलेला असतो म्हणून. उलट नुकसान होतं ते तपासणी न करता तालुक्याला गाठ "काढून टाकली" की. टाके पडतात, गाठ कधी प्रयोगशाळेत जातच नाही, आणि सहा महिन्यांनी तिथंच दुसरी उगवते तेव्हा पहिली काय होती हे सांगायला कागदाचा तुकडा नसतो. कुणी गाठ काढलीच तर ती बाटलीत घालून तपासायला गेली का, एवढं तरी विचारावं.

आता पुन्हा त्या ६२ दिवसांकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथं आहे. आत्या अडाणी नाही. गटाचा हिशोब ठेवते, बँकेत एकटी जाते. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "दुखत नोयतं ना बापा. अन् सोयाबीन सोंगाचं होतं." दोन्ही कारणं खरी. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि आमच्याकडं दवाखान्यात जायचं माप दुखणं हेच आहे. जे दुखतं त्याला गोळी, जे दुखत नाही त्याला वेळ नाही. पोळा ते दिवाळी सोयाबीनचे दिवस, दिवाळी ते संक्रांत कापसाचे. दवाखान्याला एक दिवस म्हणजे तिची एक मजुरी, सोबत येणाऱ्याची दुसरी, वर गाडीभाडं. बाईला एसटीचं तिकीट मार्च २०२३ पासून अर्धं झालंय, हे खरं. पण सकाळची गाडी चुकली की दिवस गेलाच.

तिसरं कारण ती बोलली नाही. ते अंगाचं आहे. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून लॅन्सेटमध्ये निबंध लिहिला. ९२ टक्के बायकांना गर्भाशय-योनीचा काही ना काही आजार निघाला, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास स्तनाचा नव्हता. पण अंगावर काढण्याची जी सवय त्यात दिसली तिला आता पस्तीस वर्षं झाली आणि ती अजून चालती आहे. आत्यानं आईला सांगितलं तेसुद्धा चुलीपुढं, पाठ करून, आणि "छातीत गोटी" म्हणून. पहिल्या डॉक्टरपुढं पदर बाजूला करायची वेळच आली नाही. त्यानं वरून विचारलं, तिनं वरून सांगितलं, गोळ्या मिळाल्या. दोघंही त्या पडद्याला राजी होते.

हा पडदा वेळेआधी बाजूला करायची एक जागा सरकारी कागदावर आहे, आणि ती चांगली आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताईनं भरायचा असतो. तंबाखू, कंबरेचं माप, वगैरे. त्याच फॉर्मात बायकांसाठी स्तनाबद्दल तीन ओळी आहेत: स्तनात गाठ आहे का, बोंडीतून रक्तासारखा स्राव येतो का, आकारात बदल झाला का. आत्याचा फॉर्म भरलेला होता. कुठं भरला? ओट्यावर, सासरे बाजेवर बसलेले, दीर मोबाइलवर. तिनं काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको. फॉर्मात दोष नाही, ओट्यात आहे. हाच प्रश्न आत घरात, दार लोटून विचारला तर तीन ओळी पुरतात.

शिकवलेला हात काय करू शकतो याचा पुरावा मुंबईचा आहे. टाटा मेमोरियलनं १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर अभ्यास सुरू केला. दहावी झालेल्या मुलींना शिकवून त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासणी, मशीन नाही. वीस वर्षांचा हिशोब २०२१ मध्ये आला: तपासलेल्या बायकांत रोग लवकरच्या पायरीवर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, तेही सांगायला हवं. आणि आपल्याकडं रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधीच गाठतो. म्हणून पस्तिशी-चाळिशीतल्या बाईनं तपासणीच्या वारीची वाट पाहत बसू नये. हाताला काही लागलं की तो आठवडा सोडू नये.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी जे ध्येय ठेवलं त्यात एक साधी मोजपट्टी आहे: बाई पहिल्यांदा तक्रार घेऊन आली त्या दिवसापासून ६० दिवसांत निदान. आत्या ९ नोव्हेंबरला पहिल्या डॉक्टरपुढं बसली. निदान पूर्ण झालं ११ फेब्रुवारीला. ९४ दिवस. त्यातले ६८ गोळ्या, पान आणि कापूस यांचे. पंधरा दिवसांत गाठ विरघळली नाही तर तिसऱ्या खेपेच्या गोळ्या घेऊ नयेत, सोनोग्राफी मागावी. मागितली तर मिळते बहुतेक ठिकाणी. प्रश्न मागण्याचा असतो.

मोठ्या दवाखान्यातल्या ४२ दिवसांत दोष नव्हता असं नाही. त्यातले सहा दिवस निव्वळ नावामुळं गेले. रेशनकार्डावर आत्याचं नाव एक, आधारवर दुसरं. लग्नानंतर बदललेलं नाव एका कागदानं मानलं, दुसऱ्यानं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार बसतात, कीमो, ऑपरेशन, शेक (रेडिएशन) सगळं धरून, आणि दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. पण ते टेबल कागदाच्या नावावर चालतं. तुकडा तपासायला दिला की रिपोर्टची वाट पाहत घरी बसू नये, त्याच आठवड्यात दोन्ही कार्डं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावं. नाव चुकलंय हे निदान झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. रेल्वेतही कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री टिअर एसीचं भाडं माफ आहे, सोबतच्या एकाला तीन चतुर्थांश सूट. दवाखान्याचा दाखला लागतो, तो पहिल्या खेपेलाच मागून घ्यावा.

आणि उपचार सुरू झाला म्हणजे थांबणं संपलं, असंही नाही. नागपुरात तुकडोजी महाराजांच्या नावाचं विभागीय कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था, मेडिकल म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, शिवाय वर्ध्याकडं सेवाग्राम आणि सावंगीचे दवाखाने. (तुकडोजी महाराज स्वतः १९६८ मध्ये कॅन्सरनंच गेले, हे त्या रुग्णालयावरून रोज जाणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसतं.) आर्वीवाल्याला हे जवळ आहे. गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंचाच्या बाईला नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या वर पडतं, आणि शेक म्हणजे रेडिएशन रोज, सोमवार ते शुक्रवार, बहुतेकांना तीन आठवडे घ्यावं लागतं. तीन आठवडे परक्या गावी कुठं राहायचं आणि घरी भाकरी कुणी थापायची, यावर तिचा उपचार अडतो. शेक लागणार असेल तर धर्मशाळेची चौकशी ऑपरेशनच्या आधीच करून ठेवावी.

सगळ्यात फसवी वेळ दुसऱ्या कीमोनंतरची. औषध लागू पडलं की गाठ मऊ होते, बसते, कधी हातालाच लागत नाही. बाईला वाटतं, झालं. केस गेलेले, तोंडाची चव गेलेली, पुन्हा तिकडं कशाला जायचं? पण गाठ बसली म्हणजे औषध चालू आहे एवढंच. आत उरलेल्या पेशी पुढच्या बाटलीची वाट पाहत नाहीत, त्या पुन्हा दुपटीला लागतात. दर एकवीस दिवसांचं गणित असं बसवलेलं असतं की अंगातल्या चांगल्या पेशी सावराव्यात, पण गाठीला दुपटीची फुरसत मिळू नये. रक्तातल्या पेशी कमी झाल्या म्हणून डॉक्टरनं चार दिवस पुढे ढकललं तर ते ढकलणं बरोबर. आपण लग्नासाठी ढकललं तर चूक.

आत्याची तिसरी कीमो १० एप्रिलला होती आणि १२ ला पुतण्याचं लग्न. गाठ तोवर निम्म्याहून खाली आली होती. "एक डाव राहू द्या, लग्न झालं का जाऊ," हे तिनं चार जणांकडून वदवून घेतलं, त्यात नवरदेवही होता. शेवटी तिच्या कालनिर्णयवर १० तारखेच्या चौकोनात माझ्या आईनं लाल पेननं गोल केला, बाजूला "हळद संध्याकाळी" असं लिहिलं, आणि सकाळी सहाच्या गाडीनं तिला घेऊन गेली. हळदीला दोघी पोचल्या नाहीत. १२ ला मांडवात आत्या कूलरपुढच्या खुर्चीत डोक्याला रुमाल बांधून बसली होती, पंगतीला बसली नाही, नुसता मठ्ठा घेतला, आणि जी बाई भेटायला वाकेल तिला हळूच विचारत होती, "तू पाह्यलं का कधी दाबून?"